वेस्टन की पेनहर्स्ट? भुताच्या टूरला निघालेल्यांसाठी

माझी भाची न्यू जर्सीत एडिसनला राहते, ऑक्टोबर जवळ आला की तिच्या ग्रुपला कुठेतरी हाँटेड ठिकाणी जायचं असतं, यावेळी तिचा मेसेज आला की मावशी तू दोन्हीकडे जाऊन आलीयेस ना, मग वेस्टन की पेनहर्स्ट ते एका ओळीत सांग. एका ओळीत सांगायला बसले आणि जमेना. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि अजून कोणी ठरवत असेल तर त्यांच्यासाठीपण.

वेस्टन म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातलं ट्रान्स-अ‍ॅलेगेनी ल्युनॅटिक असायलम. पेनहर्स्ट म्हणजे पेनसिल्व्हेनियात स्प्रिंग सिटीजवळचं जुनं पेनहर्स्ट स्टेट स्कूल अँड हॉस्पिटल. एकेकाळच्या सरकारी संस्था, आता खाजगी मालकीच्या, दिवसा इतिहासाची टूर असते आणि रात्री भुतं शोधायचे कार्यक्रम, शिवाय ऑक्टोबरच्या आसपास मेकअप केलेले नट अंगावर धावून येतात तसलं हाँटेड हाऊस. वरवर बघितलं तर सारखंच वाटतं. पण आत जाऊन आल्यावर कळतं की या दोन जागांची तुलना भुतांवरून करायचीच नाही, भुतं दोन्हीकडे सारखीच दिसतात किंवा सारखीच दिसत नाहीत. तिथे राहून गेलेल्या माणसांबद्दल तुम्हाला काय कळणार आणि कसं कळणार, यावर ठरवायचं.

घाईत असाल त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगते. आयुष्यात एकदाच अशी जागा बघायची असेल आणि दोन दिवस हातात असतील तर वेस्टन, आणि तिथेही आधी दिवसाची टूर, मग वाटलं तर रात्रीची. एकच दिवस असेल तर पेनहर्स्ट, पण इतिहासाच्या टूरचं तिकीट काढून. पेनहर्स्टच्या ऑक्टोबरमधल्या हाँटेड हाऊसला मात्र मी कुणाला जा म्हणणार नाही, का ते पुढे येईलच.

आता वेस्टनबद्दल, कारण तिथली इमारत हीच अर्धी गोष्ट आहे. फिलाडेल्फियात डॉक्टर थॉमस किर्कब्राइड म्हणून होते, १८५४ मध्ये त्यांनी वेड्यांची इस्पितळं कशी बांधावीत यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की रोग्याला साखळदंडात अंधाऱ्या कोठडीत टाकू नका, उजेड द्या, हवा द्या, बागेत काम द्या, माणूस बरा होतो. म्हणून मधे मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखे वॉर्ड, प्रत्येक वॉर्ड आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकवलेला, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं ऊन आणि वारा मिळेल. रोगी किती, तर जास्तीत जास्त २५०. वेस्टनची इमारत याच नकाशावर १८५८ ला सुरू झाली, हाताने घडवलेला दगड, लांबी जवळजवळ पाव मैल, म्हणजे साधारण चारशे मीटर. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक झाडांआड जातं.

मधेच अमेरिकन यादवी युद्ध आलं. तेव्हा हा भाग व्हर्जिनिया राज्यात होता, १८६१ ला व्हर्जिनिया अमेरिकेपासून फुटून निघाली आणि तिने बांधकामाचे उरलेले पैसे लढाईसाठी परत मागितले, पण ते जायच्या आधीच ओहायोच्या ७ व्या पायदळ पलटणीने गावातल्या बँकेतून ते ताब्यात घेतले आणि व्हीलिंगला पोचवले, तिथे युनियनच्या, म्हणजे न फुटलेल्या अमेरिकेच्या, बाजूचं नवं सरकार उभं राहत होतं. म्हणजे रोग्यांच्या खोल्यांसाठी ठेवलेला पैसा एक सरकार उभं करायला गेला. १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं, १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले रोगी आले आणि बांधकाम पार १८८१ पर्यंत चालू राहिलं.

आणि मग आकडे. २५० लोकांसाठीची जागा, १८८० मध्येच तिथे ७१७ रोगी होते, म्हणजे इमारत पुरी व्हायच्या आधीच तिप्पट गर्दी. १९३८ ला १,६६१. १९५० च्या दशकात २,४००. टूरवर हे आकडे कानावरून जातात, पण तिथल्या एका लहान खोलीत जाऊन उभं राहा आणि मनात हिशोब करा, एकासाठी बांधलेल्या खोलीत किती खाटा बसतील, बसल्या तर दार उघडेल का. मी तो हिशोब करत उभी होते आणि ग्रुप पुढे निघून गेला. तिथे एकटी असताना मला भीती वाटली ती एवढीच, की मधे उभं राहून दोन्ही हात पसरले असते तर खोली संपली असती.

१९५२ च्या उन्हाळ्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी इस्पितळांमधून वॉल्टर फ्रीमन नावाचा डॉक्टर फिरला आणि साधारण दोन आठवड्यांत २२८ लोकांवर लोबोटॉमी केली, डोळ्याच्या खोबणीतून बर्फ फोडायच्या टोच्यासारखं हत्यार घालून मेंदूतल्या जोडण्या तोडायच्या, भूल म्हणून बऱ्याचदा विजेचा झटका. गर्दी कमी करायचा सरकारी उपाय होता तो. माणसं शांत झाली तर घरी पाठवता येतील, असा विचार. हे ऐकायला लागू नये असं वाटत असेल तर वेस्टनला जाऊ नका, कारण तिथे हे सांगतात आणि सांगायलाच पाहिजे.

इस्पितळ १९९४ ला बंद झालं, त्याच गावात शार्प हॉस्पिटल नावाचं नवं सरकारी मनोरुग्णालय सुरू झालं. जुनी इमारत नुसती उभी होती, २००७ ला लिलाव झाला, १५ लाख डॉलरला मॉर्गनटाऊनच्या एका कंत्राटदाराने घेतली आणि २००८ पासून टूर सुरू केल्या. तेव्हा त्यांनी ल्युनॅटिक असायलम हे सगळ्यात जुनं नाव परत लावलं म्हणून मानसिक आरोग्यासाठी काम करणारे लोक चिडले होते. मला त्यांचा राग पटतो. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर १९९० पासून राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद असलेल्या त्या इमारतीच्या दुरुस्तीला पैसा लागतोच, आणि तिकिटाच्या पैशाचं काम डोळ्याला दिसतं, काही भाग पूर्वीसारखा करून ठेवलाय, खाली म्युझियम आहे त्यात रोग्यांनी काढलेली चित्रं आणि केलेल्या वस्तू मांडल्यात. त्या चित्रांसाठी अर्धा तास जास्तीचा ठेवाच. मी दोन्ही वेळा तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळले.

पेनहर्स्टबद्दल पहिली गोष्ट ही की ते वेड्यांचं इस्पितळ नव्हतंच. जाहिरातीत असायलम लिहितात म्हणून सगळ्यांचा गैरसमज होतो. ती बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि फिट येणाऱ्या मुलामाणसांना ठेवायची संस्था होती, पहिला रहिवासी १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि १९८७ ला बंद होईपर्यंत दहा हजारांवर लोक तिथे राहून गेले. खूपशी तर लहान मुलं. आज आपण ज्यांना विशेष मुलं म्हणतो, ज्यांच्यासाठी आपल्या ओळखीतल्या कुणी ना कुणी आईने नोकरी सोडलीये, थेरपीच्या चकरा मारल्यात, ती मुलं. हे डोक्यात ठेवून मग ठरवा की रात्री अंधारात तिथे किंचाळायला जायचंय का.

१९६८ ला फिलाडेल्फियाच्या चॅनेल १० च्या बिल बाल्डिनी नावाच्या रिपोर्टरने आत कॅमेरा नेला आणि पाच भागांत दाखवलं की आत काय चाललंय, पलंगाला बांधून ठेवलेली माणसं, उघडी, घाणीत पडलेली. लोक हादरले. १९७४ ला खटला भरला, १९७७ ला फेडरल न्यायाधीश रेमंड ब्रॉडरिक यांनी निकाल दिला की इथल्या लोकांचे घटनात्मक हक्क पायदळी तुडवले जातायत. ते प्रकरण पुढे दोनदा सुप्रीम कोर्टात गेलं. आणि तिथल्याच एका तरुणाच्या आईने वेगळी केस केली होती, त्याला सव्वादोन वर्षांत किमान ६३ वेळा इजा झाली होती, काही स्वतःच्या हाताने, काही दुसऱ्यांच्या. चौऱ्याहत्तर ते शहात्तर सालच्या त्या आईला काय वाटत असेल, दर भेटीला मुलाच्या अंगावर नवी खूण. त्या केसमध्ये १९८२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने ज्याला संस्थेत ठेवलंय त्याला सुरक्षित राहायचा आणि विनाकारण बांधून न ठेवलं जाण्याचा हक्क आहे. पूर्ण अमेरिकेत अशी माणसं संस्थांमधून बाहेर येऊन वस्तीत, छोट्या घरांत राहायला लागली त्यामागे पेनहर्स्टचा मोठा हात आहे. वेस्टनची गोष्ट एका चांगल्या कल्पनेच्या ऱ्हासाची आहे, पेनहर्स्टची गोष्ट आईबाप आणि वकील लढून जिंकले याची आहे, आणि माझ्या मते ती जास्त मोठी आहे.

म्हणूनच २०१० मध्ये तिथे हाँटेड हाऊस सुरू झालं तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लोकांनी जोरात विरोध केला. जिथे खऱ्या माणसांना बांधून ठेवलं होतं तिथेच पट्ट्यांनी बांधलेल्या रोग्याची नक्कल करून तिकीट लावायचं. ते चालू राहिलं, त्यातून जागेची देखभाल होते असंही म्हणतात, आणि नंतर इतिहासाच्या टूरही वाढल्या, त्या चांगल्या असतात. पण भाचीला मी स्पष्ट सांगितलं की तुला भीतीच विकत घ्यायची असेल तर न्यू जर्सीत शेतावर मक्याचे चक्रव्यूह आणि खोटी भुतं पाचपन्नास ठिकाणी आहेत, तिथे जा, खूप मजा येते, मी पण येईन. पेनहर्स्टमध्ये ते नको.

इथे मला आमच्या आत्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी एवढी का बोलतेय ते कळणार नाही. आत्या चोवीस वर्षांची असताना बोलायची बंद झाली, जेवायची बंद झाली. आधी गावच्या भगताकडे नेलं, मग अंगारे, धागे, मग कुठल्याशा अमावास्येचं उतारा टाकणं, दोन वर्षं यात गेली. बाहेरचं लागलंय हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. शेवटी एका सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं आणि ती तिथे अकरा वर्षं राहिली. आम्हा मुलांना सांगितलेलं की आत्या कामाला असते लांब. शाळेत कुणी वेड्यासारखं केलं की पोरं म्हणायची, याला येरवड्याला पाठवा, ठाण्याला पाठवा, आणि मी पण हसायचे, आपली आत्या अशाच एका ठिकाणी आहे हे न कळता. ती परत आली तेव्हा औषधांवर बऱ्यापैकी होती, आमच्याकडेच राहिली, चादरींच्या घड्या अशा घालायची की कागद वाटावा. पण जेवताना डावा हात ताटाभोवती धरून बसायची. घरात तिचं ताट कुणी ओढणार नव्हतं, तरी.

आपल्याकडे आजारी माणसाच्या अंगात भूत शोधतात, आणि इथे माणूस मेल्यावर त्याचंच भूत करतात. मला दोन्हीचा त्रास होतो. म्हणून मी या जागांना जाते तेव्हा बघते की गाईड रोग्यांबद्दल कसं बोलतोय. अशाच एका टूरवर, कुठल्या ते सांगत नाही, गाईडने एका बाईच्या चालीची नक्कल करून दाखवली आणि ग्रुप हसला. मी टूर तिथेच सोडली आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. तर तिकीट काढताना ही गोष्ट लक्षात ठेवा, जागा कुठलीही असो, अर्धी टूर गाईडवर असते. ज्या गावात इस्पितळ होतं त्या गावातला गाईड मिळाला, ज्याची आजी किंवा काकू तिथे नर्स होती, स्वयंपाकघरात होती, तर उत्तमच. वेस्टनला अशी शक्यता जास्त, कारण ते गाव लहान आहे आणि पिढ्यानपिढ्या इस्पितळावरच जगलं. बुकिंग करताना फोन करून विचारा की इतिहास सांगणारं कोण आहे त्या दिवशी. मी विचारते, आणि ते लोक नीट सांगतात.

आता रात्रीच्या टूरबद्दल, कारण तुम्ही त्यासाठीच वाचत आला असाल. रात्रीचे प्रकार साधारण दोन. एक दोनेक तासांचा, गाईड फिरवतो, गोष्टी सांगतो, मधेमधे यंत्रं हातात देतो. दुसरा रात्रभराचा, लहान ग्रुप करून इमारतीत मोकळं सोडतात. वेस्टनला सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट लिली नावाच्या लहान मुलीची, तिच्या नावाने एक खोली खेळण्यांनी भरलीये, लोक बॉल ठेवतात आणि तो हलतो का बघत बसतात. युद्धाच्या काळातल्या सैनिकाच्या आणि चौथ्या मजल्यावरच्या आवाजांच्या गोष्टी वेगळ्या. पेनहर्स्टला मेफ्लॉवर नावाच्या इमारतीबद्दल आणि इमारतींना जोडणाऱ्या भुयारी वाटांबद्दल जास्त बोलतात.

मी लहानपणी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे चमत्कार करून दाखवायचे प्रयोग बघत मोठी झाले त्यामुळे यंत्र हातात आलं की ते उघडून बघायची सवय. टॉर्चचा प्रयोग दोन्हीकडे होतो: टॉर्चचं डोकं थोडं सैल करून ठेवतात आणि म्हणतात, असशील तर दिवा लाव. बल्ब पेटला की आतला भाग तापून जरासा प्रसरण पावतो, कॉन्टॅक्ट सुटतो, विझतो, गार झालं की परत जुळतो आणि पेटतो. घरी करून बघा, ओट्यावर पण भूत येतं. दुसरं के-टू मीटर, ते विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं, कुणाच्या खिशात फोन असेल, गाईडकडे वॉकीटॉकी असेल, की दिवे नाचायला लागतात. म्हणून ग्रुपला सांगा सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, मग बघा दिवे किती नाचतात. तिसरं स्पिरिट बॉक्स, ते म्हणजे रेडिओ, भराभर स्टेशनं बदलत जातो आणि मधेच शब्दांचे तुकडे येतात. इथे मला एक फरक जाणवला तो सांगते: पेनहर्स्टला त्यातून कितीतरी जास्त शब्द येत होते, पूर्ण नावं सुद्धा, आणि वेस्टनला नुसती खरखर. फिलाडेल्फियाची एवढी स्टेशनं जवळ, आणि वेस्टन डोंगरात.

आवाजाचं मात्र वेस्टनला जास्त. एकच सलग इमारत, लांबच लांब दगडी कॉरिडॉर, वर दोन मजले सोडून दुसरा ग्रुप चालत असला तरी पावलं तुमच्या मागे आल्यासारखी वाटतात. मला माहीत होतं तरी पाठीवर काटा आलाच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पेनहर्स्टला इमारती सुट्या सुट्या आहेत, दुसऱ्या ग्रुपचा आवाज कमी येतो, पण एका इमारतीतून दुसरीत जाताना अंधारात चालावं लागतं, जमीन खडबडीत, गवत ओलं. आणि हाँटेड हाऊससाठी वापरतात त्या भागातल्या खुर्च्या, पलंग, बाटल्या खऱ्याच जुन्या आहेत असं धरून चालू नका, हे दोन्हीकडे लागू. गाईडला विचारा, हे इथलं आहे का आणलेलं.

त्यामुळे फक्त थराराच्या दृष्टीने बघायचं झालं तर रात्रभरासाठी वेस्टन, दोन तासांसाठी पेनहर्स्ट पुरे. ज्यांना झोपेचा, अस्थम्याचा त्रास आहे, किंवा ज्यांच्या घरात नुकताच कुणी असा आजार काढलाय, त्यांनी रात्रभराचं करू नये असं मी मनापासून सांगेन. पहाटे तीन वाजता थंड दगडी खोलीत बसून जुन्या दुःखांबद्दल ऐकताना माणूस आतून हलतो, त्यात भुताचा काही संबंध नसतो.

जायचं कसं. एडिसनहून पेनहर्स्ट दीड-पावणेदोन तास, सकाळी जाऊन रात्री परत, व्हॅली फोर्ज आणि फिनिक्सव्हिल वाटेतच, जेवायखायची अडचण नाही, लिमरिकच्या अणुवीज केंद्राचे कूलिंग टॉवर दिसायला लागले की आलोच समजा. वेस्टन साडेसहा ते सात तास, शेवटी आय-६८ ने मॉर्गनटाऊन आणि मग आय-७९ ने खाली ९९ नंबरची एक्झिट. आय-६८ वर डोंगरात धुकं भयंकर पडतं, रात्री तो पट्टा चालवू नका. आमच्यासारखे बरेच जण दर एक-दोन वर्षांनी पिट्सबर्गच्या बालाजीला जातातच, तिथून वेस्टन साधारण दोन तास, तर शनिवारी दर्शन आणि रविवारी वेस्टन असं जोडता येतं, मी दुसऱ्यांदा तसंच केलं. राहायला एक्झिटपाशीच साधी हॉटेलं आहेत, जरा बरं हवं असेल तर स्टोनवॉल जॅक्सन तलावावरचा रिसॉर्ट जवळ आहे. शाकाहारी असाल तर वेस्टनमध्ये पिझ्झा आणि फ्राइजवर भागवावं लागेल, धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं टिकणारं बरोबर घ्या.

आणखी काही बारीकसारीक. दोन्हीकडे आत हीटिंग आहे असं समजू नका, ऑक्टोबरमध्ये बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा, मोजे दोन जोड. जुना रंग, जुनं प्लास्टर, धूळ, त्यामुळे मास्क लावाच, नुसता कापडी नको. बूट बंद पुढचे. वेस्टनला चार मजले जिन्याने, आईबाबा इंडियातून आलेले असतील आणि गुडघे दुखत असतील तर फक्त तळमजल्याची लहान टूर घ्या, ती पुरेशी चांगली आहे. लहान मुलांना रात्रीच्या कार्यक्रमाला नेऊ नका, वयाच्या अटी असतात त्या बुकिंगच्या वेळी बघा. वेस्टन हिवाळ्यात बंद असतं आणि आठवड्यात सुट्टीचा वार असतो, तारीख बघूनच हॉटेल घ्या. पेनहर्स्टच्या जागेवर डेटा सेंटर बांधायचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आलाय, तेव्हा बघायचं मनात असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका, आणि निघायच्या आधी टूर चालू आहेत ना विचारून घ्या.

एक तिसरं ठिकाण पण आहे, आणि मला कुणी मनातलं विचारलं तर मी ते सांगते. वेस्टनपासून दोनेक तासांवर ओहायोत अथेन्स गाव आहे, तिथे १८७४ ला सुरू झालेलं आणि १९९३ ला बंद झालेलं मनोरुग्णालय, त्याच किर्कब्राइडच्या पद्धतीचं, आता ओहायो युनिव्हर्सिटीकडे आहे, त्या जागेला द रिजेस म्हणतात. तिथे रात्रीचं भूत शोधणं नाही. मुख्य इमारतीत केनेडी म्युझियम आहे, कलेचं, फुकट, आणि बाकीच्या इमारती बाहेरून बघायच्या. पण मागच्या टेकड्यांवर इस्पितळाची तीन कब्रस्तानं आहेत, एकोणीसशेच्या आसपास थडगी, आणि बऱ्याचशा दगडांवर नाव नाही, फक्त नंबर. सरकारने लावलेला साधा दगड आणि त्यावर आकडा. मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने नोंदी शोधून ती जागा नीट करायला घेतली, दरवर्षी तिथे लोक जमतात, काही घरच्यांनी आपल्या माणसाचा नंबर शोधून शेजारी नावाचा दगड लावलाय. मी गेले तेव्हा दुपार होती, कुणी नव्हतं, नंबर वाचत चालत गेले आणि एका ओळीत मधेच एक नाव आलं, कोरलेलं, नवं. तिथे बसले थोडा वेळ. आत्या गेली तेव्हा आम्ही तिच्या नावाने पेपरात चार ओळी दिल्या होत्या, त्यात ती अकरा वर्षं कुठे होती ते लिहिलं नव्हतं.

तर भाचीला मी काय सांगितलं. चौघी मैत्रिणी, दोन दिवस, एकीला रात्रभर जागायचंच आहे, एक घाबरते, एकीचा भाऊ विशेष मुलांच्या शाळेत शिकवतो. म्हणून वेस्टन, शनिवारी दुपारी सगळ्या मजल्यांची टूर, रात्री दोन तासांची भुताची, घाबरणारीला हॉटेलवर राहायची मुभा, आणि रविवारी परत येताना जमलं तर अथेन्स, ते उलट्या दिशेला आहे हे मान्य पण ऊन असेल तर जा. पेनहर्स्ट नंतर वसंतात, त्या भावाला बरोबर घेऊन, इतिहासाच्या टूरला. काल रात्री तिने तिकिटं काढली. खाली लिहिलं होतं, मावशी, रात्रभराचं पण घेतलंय आम्ही दोघींनी, आईला सांगू नकोस, आणि त्या चित्रांच्या खोलीत किती वेळ लागतो ते परत सांग.

अर्धा तास, मी लिहिलं. तुला तास लागेल.